यादीतून गळलेला ३०४

"चाळणीतून गळेल तेही दिसू दे," परदेशी निघताना माझा प्रोग्राम बघून नवऱ्यानं, ऋषिकेशनं बजावलं होतं. बाळ रडत होतं. मी "बघू" म्हटलं. तो विमानात बसला, ते काम राहून गेलं.

२००९ साल. महाळुंग्यातली आमची सोसायटी नवी, निम्मे फ्लॅट बंद. एकट्या राहणाऱ्यांना वॉचमन गेणबा रोज सकाळी इंटरकॉम करायचा. जे उचलायचे नाहीत, त्यांचे नंबर स्वल्पविराम देऊन गेटवरच्या कॉम्प्युटरवर टाइप करायचा. पायथन या संगणकभाषेत मी लिहिलेला छोटा प्रोग्राम त्यांची यादी छापायचा. ती बघून सेक्रेटरी जनार्दनराव वर जायचे.

३०४ च्या आशालताकाकू बाथरूममध्ये पडल्या. तिसऱ्या दिवशी दार फोडलं. आधीच्या दोन्ही याद्यांत ३०४ नव्हता.

काकू शुद्धीवर नव्हत्या. त्यांच्या मुलानं परदेशातून पौडच्या खासगी गुप्तहेर शहनाज मुलाणींना तपासाला नेमलं.

"यानं फोनच केला नाही," गेटवर गेणबाकडे बोट दाखवत जनार्दनराव म्हणाले. "संध्याकाळी कामावरून काढतोय त्याला."

"केलता की. दोन्ही दिस," गेणबा म्हणाला. "२०७ संगट टाइपबी केलं."

शहनाजबाईंनी यादी पाहिली. "२०७ आहे इथे."

"ते काका लेकीकडं गेल्यात. म्हायती हाय मला."

"त्या दिवशीसारखं पुन्हा टाइप करा."

गेणबानं एका बोटानं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं : २०७, ३०४ दोनदा वाजवला.

"हे शब्द कशाला?"

"म्हातारी पैल्याच रिंगला उचलती. माज्या जीवाला बरं वाटंना, म्हून."

एंटर. यादीत फक्त २०७.

"कॉम्प्युटर बिघडलाय," जनार्दनराव म्हणाले.

शहनाजबाई माझ्याकडे वळल्या. "स्वरदाताई, यादी करणारी ओळ सांगा."

"लिस्ट कॉम्प्रिहेन्शन आहे, एकच ओळ. स्वल्पविरामाशी तोडायचं, एकेक तुकडा घ्यायचा, त्यात नुसते आकडे असतील तरच ठेवायचा."

"नसतील तर?"

"गळतो."

"कुणाला कळतं?"

बाळाला थोपटणारा माझा हात थांबला. "कुणालाच नाही."

"म्हणजे फोन झाला, नोंदही झाली," शहनाजबाई म्हणाल्या. "२०७ ची चिंता नव्हती, म्हणून नुसता नंबर. तो राहिला. जिची काळजी वाटली तिच्यापुढे गेणबांनी दोन शब्द लिहिले, आणि तीच गळली. त्यांना काढू नका, जनार्दनराव."

गेणबानं टोपी नीट केली.

त्याच दुपारी मी दुसरी ओळ लिहिली : गळलेलं सगळं वेगळं छापायचं. मग गेणबाला म्हटलं, "५०१ लाही करत जा फोन."

"तुमाला?" त्यानं क्षणभर पाहिलं आणि टिपून घेतलं : ५०१, बाळ हाय.

तुमच्या मजल्यावर एकटं कोण राहतं? ही गोष्ट बाजूला ठेवा, त्यांची बेल वाजवून या.