अक्षरांमधली मोकळी जागा

"आजवर संमतिपत्राला नाही म्हटलेला एकही माणूस नाही, फडतरेबाई. एकही नाही!" डॉ. मुजावरांनी प्रयोगशाळेतली खुर्ची पुढे ओढली. "तुम्हाला यात काहीच खटकत नाही?"

इरावती फडतरेचा जीव पलीकडच्या खोलीत अडकला होता. तिथे तिचा नवरा श्रीपाद संमतिपत्राची वाट बघत बसला होता. वर्षभरात त्याचं विसरणं फार वाढलं होतं, म्हणून आज त्याच्या मेंदूत आठवणी सांभाळणारा स्मृतिमणी बसायचा होता. तिच्या डोक्यात तो होताच. संस्थेत काम करणाऱ्या सगळ्यांना बसवत. "मी माझं संमतिपत्र एका दमात वाचलं आणि सही केली, कुठे अडखळलेसुद्धा नाही," असं सांगून तिनेच त्याला राजी केलं होतं.

"तिथेच तर मेख आहे," दृष्टितज्ज्ञ मुजावरांनी आवाज खाली आणला. "वाचताना डोळा सरकत नाही, उड्या मारतो. जिथे टेकतो, तिथे मन क्षणभर थांबतं आणि शंका काढतं. आपली अक्षरजुळणीची प्रणाली, तो अंतरक, अक्षरांमधल्या जागा अशा आवळतो की डोळ्याला टेकायला ठिकाणच उरत नाही. शंका नाही, म्हणून नकार नाही."

इरावतीने अंतरकाच्या पडद्याकडे पाहिलं. अंतरक रोज तीच तर चालवायची! पण जुळणी करणारा माणूस मजकूर वाचत नाही, जागा बघतो. तिनेही जुळणी करताना कधी वाचला नव्हता.

तिने अंतरक बंद केला आणि श्रीपादच्या संमतिपत्राचं पान हाताने सैल करायला घेतलं. आताही वाचायला वेळ नव्हता. शस्त्रक्रियेचं बोलावणं कुठल्याही क्षणी आलं असतं. परिच्छेदाचा शेवटचा शब्द जरा जास्तच सैल सोडायची तिची जुनी खोड. शिरोरेषा तुटते म्हणून सगळे तिची टर उडवायचे, पण हात ऐकत नसे.

पान घेऊन ती धावतच पलीकडे गेली. श्रीपादने गळ्यात लटकणारा चष्मा आधी खिशात शोधला, मग डोळ्यांवर चढवून तो वाचायला लागला. मध्येच थांबला. मागे जाऊन पुन्हा वाचलं.

"इरा, ही काय भानगड आहे? 'संस्थेला अडचणीची ठरणारी आठवण संस्था परस्पर काढून टाकू शकेल.' छे! मी नाही सही करणार."

वाचला! तिला रडूच फुटलं. मग भानावर येऊन तिने त्याला हाताला धरून प्रयोगशाळेतल्या आपल्या टेबलाशी आणलं आणि स्वतःचं संमतिपत्र पडद्यावर उघडलं. तेही सैल करून एकदा नीट वाचायचं होतं.

ते आधीच सैल केलेलं होतं. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटच्या शब्दावर शिरोरेषा तुटलेली होती. हे केल्याचं तिला काही केल्या आठवेना.

"मुजावर सर, हे सगळं तुम्ही मला आधीही सांगितलं होतं का?"

"छे, मला तर आजच..." मुजावर बोलता बोलता थांबले. त्यांचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे गेला. चेहरा पार उतरला.

बाहेर पावलं वाजली. इरावतीने श्रीपादचे दोन्ही हात घट्ट धरले.

"श्रीपाद, आत्ता वाचलंस ते विसरू नकोस. तुझ्या डोक्यात मणी नाही, आता तुलाच लक्षात ठेवायचंय रे."

"ठेवीन की," तो म्हणाला, आणि गळ्यातला चष्मा पुन्हा खिशात शोधू लागला.