उजव्या वळणाचं चित्र

तो माझ्या दारात आला तो चुकून. हातात भलीमोठी फाइल, बाहीवर निळ्या शाईचा डाग. त्याला आमच्या प्रयोगशाळेचे सर हवे होते. शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकासाठी त्यानं काढलेली चित्रं ते तपासणार होते. पण सर रजेवर गेले होते आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

पेशी आपल्या डीएनएची प्रत कशी काढते, यावरच मी चार वर्षं काम करत होते. त्यामुळे पहिलं चित्र बघताच लाल पेन उचललं. त्यानं डीएनएच्या दोन्ही साखळ्यांच्या प्रती एका दमात सरळ उतरताना दाखवल्या होत्या. मी त्याला समजावलं, की साखळ्या सुटतात हे बरोबर, पण त्यांची तोंडं उलट दिशांना असतात आणि प्रत काढणारं एन्झाइम एकाच दिशेनं चालतं. म्हणून एकीवर ते सरळ धावत सुटतं. दुसरीवर मात्र तुकड्या-तुकड्यानं काम होतं आणि मग ते तुकडे दुसरं एन्झाइम सांधतं.

माझं असलं बोलणं सुरू झालं, की लोक घड्याळ बघतात. हा हनुवटीवर हात टेकून ऐकत होता.

"मग उलट्या दिशेनं चालणारं एक एन्झाइम का नाही ठेवलं पेशीनं? एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?"

चार वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

"गुरुवारी सांगते."

"म्हणजे गुरुवारी यायलाच हवं," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला आणि गेला.

तीन दिवस मी जुने शोधनिबंध उपसले. गुरुवारी त्याला उत्तर दिलं. साखळीत चुकीचं अक्षर, म्हणजे चुकीचा घटक, जोडलं गेलं, की ते एन्झाइम एक पाऊल मागे येतं, ते काढतं आणि पुन्हा पुढे निघतं. उलट दिशेनं चालणाऱ्याला हे जमलं नसतं. अक्षर काढताच पुढचं जोडायची ताकदच निघून गेली असती, असं मानतात.

"म्हणजे वेळ लागला तरी चालेल, पण चूक सुधारता आली पाहिजे," तो हळूच म्हणाला. मग त्यानं दुसरा प्रश्न काढला. पुढच्या गुरुवारी तिसरा. दर गुरुवारी मी कपड्यांना इस्त्री करते, हे माझ्या ताईच्या लक्षात आलं. तिनं नुसती भुवई उडवली.

शेवटचं चित्र पानभर होतं. डीएनएचा पिळा, मधून उसवत चाललेला. तो माझ्या खुर्चीशेजारी वाकून एकेक भाग बोटानं दाखवत होता. त्याच्या मनगटावर एक बारीक तीळ होता… मी सही करून टाकली.

रविवारी कुकरच्या दांड्याचा स्क्रू पिळताना माझा हात थांबला. स्क्रूचे आटे डावीकडून उजवीकडे वर चढत होते. डीएनएचा पिळाही तसाच, उजव्या वळणाचा. आणि त्या चित्रातला? मी माझ्याकडची प्रत काढून पाहिली. तो डावीकडे वळत होता.

कुणाच्या लक्षातही आलं नसतं कदाचित. पण त्याचं हे पहिलं पुस्तक होतं. खाली त्याचं नाव छापलं जाणार होतं आणि हजारो मुलं तो पिळा वहीत उतरवून घेणार होती. सोमवारी सकाळी मी त्याच्या खोलीवर गेले आणि सगळं सांगितलं. चूक पकडायचं काम माझं होतं, हेही सांगितलं.

तो रागावला नाही. मग त्यानं छापखान्याला फोन केला. ते पान अजून मशीनवर चढलं नव्हतं. दुपारपर्यंत वेळ होता. आरशात दिसतं तसं चित्र उलटवलं, की पिळा सुधारणार होता, पण चित्रातल्या भागांच्या नावांची अक्षरंही उलटणार होती. ती सगळी पुन्हा लिहायला हवी होती. मी एकेक नाव वाचत गेले, तो लिहीत गेला. बाराला पान रवाना झालं.

त्यानं नळाखाली ब्रश धुवायला घेतले. माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "तुम्ही यातल्या एवढ्या जाणकार. सुटलं कसं नजरेतून?"

थाप मारता आली असती. डोळे दुखत होते, घाई होती…

"मी चित्राकडे बघतच नव्हते त्या दिवशी," मी म्हटलं.

पाणी वाहत राहिलं. त्यानं नळ बंद केला, हात पुसले, पुन्हा पुसले. वळला तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मग पुढच्या पुस्तकाची चित्रं दुसऱ्या कुणाला तरी दाखवतो," तो म्हणाला. "तू… नुसतीच ये."