गप बसलेलं मेंढरू

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत दर बुधवारी संध्याकाळी सहा वाजता शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचं वाचन, असतो. खुर्च्या अकरा, माणसं दहा. खिडकीजवळची खुर्ची माझ्या आईची. आईला जाऊन दोन वर्षं झाली, तरी तिथे कुणी बसत नाही. कुणी तसं ठरवलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. आणि त्या बुधवारी मी आत आले, तर तिथे एक उंच, सावळा, अनोळखी बाप्या ऐसपैस बसलेला!

"अहो, ती खुर्ची रिकामी असते," मी म्हणाले.

"व्हय, दिसलं की. म्हणून तर बसलो."

"म्हणजे... रिकामी ठेवायची असते."

"का वो? कोण येणार हाय?"

खरंच, कोण येणार होतं?

"कोणी नाही."

"मग मी उठू का बसू?" असं म्हणत तो अर्धवट उठला आणि तसाच थांबला — धड उभा नाही, धड बसलेला नाही. सगळे हसले. मी हसले नाही. हसू आलं होतं, पण ते मी त्याला दाखवणार होते थोडीच!

त्याचं नाव धुळा. लोणंदकडचा. गुरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर, नुकतीच सांगलीला बदली झालेली. आजोबा मेंढपाळ, त्यांच्या घरात बाप्तिस्मा पहिल्यांदा त्यांनीच घेतला. हे सगळं चर्चच्या पाळकसाहेबांनी ओळख करून देताना सांगितलं, आणि मग मोठ्या कौतुकानं माझ्याकडे वळले, "आणि ही आमची संयोगिता. सलग सात वर्षं पाठांतराची ढाल!"

हो, ती मीच. साताऱ्याला दरवर्षी आसपासच्या चर्चमंडळ्यांचा मेळावा भरतो, तिथे शास्त्रातला उतारा तोंडपाठ म्हणायची स्पर्धा असते. माझे पप्पा, भाऊसो लोखंडे, मंडळीचे पंच. घरी पाहुणा आला की पाण्याआधी त्याला ढाली दाखवतात. ह्या वर्षीचा उतारा होता हरवलेल्या मेंढराचा दाखला, म्हणजे प्रभूनं सांगितलेली बोधकथा. मी तो पुस्तकाकडे न बघता घडाघडा म्हणून दाखवला. सगळे म्हणाले, वा! धुळानं मात्र हात वर केला.

"एक शंका हाय. नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून एकाच्या मागं जायचं? आमच्या आजानं पाठीत काठी घातली आसती."

पप्पा खाकरले. मी म्हणाले, "अहो, तो दाखला आहे."

"आवं, पण सांगणाऱ्याला मेंढरं ठावं असणारच की. मग असं का सांगितलं आसंल? तुमाला काय वाटतं?"

मला काय वाटतं? सात वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मला त्याचा असा राग आला, असा राग आला, की घरी जाऊन भाकरी करपवली.

पुढच्या बुधवारी पाळकसाहेबांनी आणखी घोळ घातला. धुळाला शास्त्रातलं एक पानही पटकन सापडत नव्हतं. संदेष्ट्यांची पुस्तकं शोधायला निघाला की प्रेषितांच्या पत्रांमध्ये पोचायचा. "संयोगिता, ह्याला जरा पुस्तकांचा अनुक्रम शिकव," साहेब म्हणाले. झालं! तो अर्धा तास आधी यायला लागला. हातांना औषधाचा वास, आणि शास्त्रात खूण म्हणून चक्क कडब्याचं पान.

"शास्त्रात वैरण घालता?"

"वाचताना भूक लागती."

"मग भडंग आणायचं."

तर दुसऱ्या दिवशी... म्हणजे पुढच्याच बुधवारी, त्यानं भडंगचा पुडा आणला. अर्धा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "मास्तरीणबाई, फी."

मी त्याला अनुक्रम शिकवला, आणि त्यानं मला ती वाईट सवय लावली. प्रत्येक ओळीला "तुमाला काय वाटतं?" मग मीही घरी सावकाश वाचायला लागले. पाठ करायला नाही, नुसतं वाचायला. जी वचनं मला लहानपणापासून येत होती, ती मला माहीतच नव्हती असं लक्षात आलं. एकदा तर एका ओळीवरच अर्धा तास गेला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. बुधवार कधी येतो असं व्हायला लागलं. शास्त्रासाठी... आणि खोटं कशाला बोलू, नुसतं शास्त्रासाठी नाही, आणि भडंगासाठी तर नाहीच.

मेळाव्याच्या आदल्या बुधवारी आम्ही चर्चच्या पायरीवर बसलो होतो. मी उतारा म्हणून दाखवला. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "तुमाला एक सांगू? हरवलेलं मेंढरू वरडत न्हाई. लोकांना वाटतं, ब्यां ब्यां करत फिरतं. न्हाई. कळपातनं तुटलं, भ्यालं, की झुडपाखाली गप बसतं. आपण हाका मारत जायचं. आजाची हाक आली की मग कुठं ते तोंड उघडतं."

"बरं मग?"

"मग काय... तुमी पाठ म्हणता तवा लय ग्वाड वाटतं. पण आत कोन तरी गप बसल्यागत वाटतं."

मी ताडकन उठले. चप्पल घातली, फाटकापर्यंत गेले. आणि परत आले.

"आई दवाखान्यात होती तेव्हा मी खूप प्रार्थना केली होती," मी म्हणाले. "ती गेली. त्यानंतर मी एकदाही केली नाही. फक्त पाठ म्हणते. पप्पांना कळलं तर ते खचतील, धुळा. त्यांच्याकडे त्या ढालींशिवाय आहे काय?"

"तुमी हाय की," तो म्हणाला. एवढंच.

रविवारी साताऱ्याच्या चर्चमध्ये मी उभी राहिले. पहिल्या बाकावर पप्पा, हात जोडून. मी सुरुवात केली. शंभर मेंढरं आली, एक हरवलं, नव्व्याण्णव रानात राहिली... आणि मी थांबले. पुढची ओळ मला झोपेतही येते. पण ती नुसती म्हणून टाकायला तोंड उघडेना. पप्पांचे ओठ हलत होते, मला ओळ पुरवत होते. मी झुडपाखाली बसल्यासारखी गप.

आणि मागच्या दारातून हाक आली.

"हुर्रर्र... आऽऽ ये ये येऽऽ!"

अगं बाई! अख्खं चर्च मागे वळलं. धुळा उभा होता, दोन्ही हात तोंडापाशी धरून, कानापर्यंत लाल. लोक असे हसले की परीक्षकांचा चष्मा घसरला. मीही हसले. हसता हसता रडायला लागले, आणि मग बोलले. पाठ नव्हे, माझं. म्हटलं, दोन वर्षं मी देवावर रुसून गप बसले होते, आणि तोवर तो हाका मारत फिरत होता, हे मला गेल्या काही बुधवारी वाचताना कळलं. आई का गेली ते अजून कळलं नाही. पण आज सकाळी मी प्रार्थना केली.

ढाल फलटणच्या मंडळीला गेली.

मंडळीच्या परतीच्या गाडीत पप्पा कऱ्हाडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. चहाला गाडी थांबली तेव्हा त्यांनी माझा कप स्वतः आणून दिला.

"मी पण तुझी आई गेल्यापासनं नुसते ओठ हलवतोय गं, पोरी," ते म्हणाले. "आज तू बोललीस. बरं केलंस." आणि डोळे पुसत, दुसरीकडे बघत म्हणाले, "त्या मेंढक्याला चहा मिळाला का बघ."

मेंढका गाडीमागे लपला होता.

"चर्चमध्ये कुणी असं ओरडतं?" मी विचारलं.

"चुकलं. पण तुमी गप बसलात, आन् माझा जीव ऱ्हाईना."

"ती हाक सगळ्यांनाच मारता?"

"न्हाई..." तो चहाकडे बघत म्हणाला. "नव्व्याण्णवांना वैरण घातली तरी भागतं. एकीच्या मागं मात्र मी कुठं बी जाईन. तुमाला... तुला काय वाटतं?"

"विचार करून सांगते," मी म्हणाले. चहा संपेपर्यंत विचार केला. मग सांगितलं, "मला पण तसंच वाटतं."

पुढच्या बुधवारी तो आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. पप्पांनी खिडकीजवळची खुर्ची रुमालानं पुसली आणि त्याला खूण केली.

"नको वो," धुळा गडबडला. "ती रिकामी ठेवायची आसती."

"का रे?" मी म्हणाले. "कोण येणार आहे?"

तो बसला. मी शास्त्र उघडलं. त्याचं ते कडब्याचं पान माझ्या पुस्तकातून पडलं, आणि पप्पांनी ते बघितलं, उचललं आणि परत माझ्याच पुस्तकात ठेवलं.