अंजिरांचा लेप

तबिताने आईकडे न बघताच गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला आणि ग्लास मक्याच्या घट्ट लापशीच्या, मामालिगाच्या ताटाशेजारी आदळला. "घेतली. झालं समाधान? आता देवाला सांग, तुझा त्याच्यापेक्षा डॉक्टरवर जास्त विश्वास आहे म्हणून."

सावेता डोक्याला रुमाल बांधत होती. तिचे हात क्षणभर थांबले. एकोणीस वर्षांची पोर… लहानपणापासून तिला फिट यायच्या, दर वेळी काळजाचं पाणी पाणी व्हायचं, आणि आता तिच्याच तोंडून हे ऐकायचं! पण गोळी पोटात गेली होती. सावेताने तेवढ्यावर समाधान मानलं आणि प्रार्थनेला निघाली.

सुचावा शहराकडच्या त्या गावात तिचा नवरा ओनिसिम ख्रिस्ती मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी होता, त्याच्या शब्दाला वजन होतं. गेल्या पानगळीत व्हिओरेल नावाचे पाहुणे उपदेशक आले. मरणाला टेकलेल्या हिज्कीया राजाला यशया संदेष्टा आयुष्याची पंधरा वर्षं वाढून मिळाल्याचं सांगतो, तो अध्याय त्यांनी असा रंगवला की बायका हुंदके देऊन रडल्या. मग तबिताच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पोरी, तू बरी झालीस. आता औषधाला हात लावशील तर प्रभूला खोटं ठरवशील." तबिताने त्याच दिवशी गोळ्या फेकून दिल्या आणि पाचव्या दिवशी ती पेटत्या चुलीशेजारी कोसळली.

पुढच्या सभेत सावेता उभी राहिली. बाईमाणसाने उपदेशकाला आडवं जायचं, हे त्या मंडळीने कधी पाहिलंच नव्हतं.

"बंधू, तुम्ही अध्याय मध्येच सोडलात. शेवटही वाचा की. राजाला तू जगशील म्हणणाऱ्या त्याच यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. मग त्याने देवाला खोटं ठरवलं का?"

व्हिओरेल मंद हसले. "भगिनी, पोर पडली ती तुझ्या शंकेमुळे."

आणि पोरीला तेच पटलं! आपलं बरं होणं आईने हिरावून घेतलं, हे तिच्या मनात खिळ्यासारखं रुतून बसलं. वडीलमंडळींनी निर्णय दिला: गोळ्या बंद करा, नाहीतर मायलेकी दोघींनाही प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला बंद, आणि तबिताचं सभेत गाणंही बंद. तेव्हा सावेताने हात जोडले. "गोळ्या मी देते, शिक्षाही मलाच द्या. तबिताला गाणाऱ्यांतून काढू नका." वडीलमंडळींनी ते मान्य केलं. ओनिसिमने घरी येऊन लेकीला एवढंच सांगितलं, "आई देईल ती गोळी घे, पाप तिच्या माथी." बायकोने काय मागितलं, ते मात्र त्याने गिळून टाकलं.

सात महिने दर प्रभुभोजनाला उपदेश संपला की सावेता मागच्या बाकावरून उठायची आणि एकटीच घरी जायची. आजही ती उठली.

"सावेता, थांब." ओनिसिम पुढून बोलला. त्याने हातातलं शास्त्र उघडलं.

"तीन आठवडे मी तुला खोटं पाडायला हा अध्याय वाचतोय. तीस वर्षं आपण सगळे बऱ्या झालेल्या राजाचं आभाराचं गाणं संपलं की आमेन म्हणतो आणि पुस्तक मिटतो. अंजिरांची ओळ त्या गाण्याच्या खाली आहे… मी तिथवर कधी गेलोच नव्हतो. बेरियाचे लोक खुद्द प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्राशी ताडून बघायचे, आणि त्यांना कुणी शिक्षा केली नाही. मी माझ्या बायकोला केली. ती शिक्षा आज संपली."

पुढच्या बाकावरचा म्हातारा मितिका कुरकुरला, "बंधू, वडीलच बायकोचं ऐकायला लागले तर मंडळी जायची कुठे?"

"शास्त्राकडे जाईल, मितिका. जरा आपल्या चष्म्यालाही काम मिळेल."

मग तो गाणाऱ्यांकडे वळला. "तबिता, तुला इथं उभं राहून गाता यावं म्हणून तुझी आई सात महिने प्रभुभोजनावाचून राहिली. तिनेच मागून घेतलं ते. मी तुला सांगितलं नाही… सांगितलं असतं तर तू मला विचारलं असतंस, की बाबा, मग तुम्ही काय केलंत?"

तबिता पांढरीफटक पडली.

प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुवायचे, ही त्यांची रीत. पुरुष इकडे, बायका शेजारच्या खोलीत. सावेता दारापाशीच घुटमळली, आत जायचा हक्क परत मिळाला आहे हे पायांना अजून कळलं नव्हतं. तबिताने तिला दंडाला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि घमेलं घेऊन समोर गुडघे टेकले.

"आई, पाय दे."

"पाणी गार आहे गं, तुझे हात…"

"दे म्हणते ना." मोजे काढता काढता तिचा बांध फुटला. "मला बरं व्हायचं होतं, आई. खूप बरं व्हायचं होतं…"

सावेताने तिच्या डोक्यावरच्या रुमालावर हात ठेवला. "ठाऊक आहे मला. तुझ्या तळहातावर गोळी ठेवताना मी रोज तेच तर मागते, बाळा."

तबिताने ओल्या पावलांवर कपाळ टेकलं. मागे रांगेत उभ्या बायका घमेल्याची वाट बघत राहिल्या, पण आटप म्हणून कुणीच म्हटलं नाही.