लेकराचा पहारा

डोहाळजेवण करायचं तर बाई गरोदर असावी लागते, ही समजूत त्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर केव्हाच मोडीत निघाली होती. तिथे दर महिन्याला डोहाळजेवणं व्हायची. झोपाळ्याला झेंडूच्या माळा बांधल्या जायच्या, हिरवी साडी आणि फुलांचे दागिने यायचे, आणि झोपाळ्यावर बसायची ती डोक्यावर नुकते बोटभर केस उगवलेली, छातीची एक बाजू सपाट झालेली एखादी बाई. तिच्या पोटात मूल नसायचं. तिचे कॅन्सरवरचे उपचार संपलेले असायचे.

ईश्वरी खोतनं हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला हसू आलं होतं. कोल्हापूरच्या बाजारात गुळाची प्रत ठरवणारी ती बाई; जिभेवर ठेवल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची नाही. पण तिचे स्वतःचे उपचार संपले आणि तिचा नंबर आला तेव्हा तीही निमूट झोपाळ्यावर बसली. तिच्या सासूबाईंनी, सुजाताबाईंनी, ओटी भरली आणि तिच्या खांद्यावरून हात फिरवत त्या पुटपुटल्या, "ओजस, आईला सांभाळ रे बाळा." सगळ्या बायकांचे डोळे भरून आले. ईश्वरीचेही आले.

ओजस हा ईश्वरीचा एकुलता एक मुलगा. चार वर्षांचा असताना मेंदूज्वरानं गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

गेलेल्या मुलानं आईला सांभाळायचं म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. मूल पोटात असताना आईच्या रक्तातलं पोषण वारेतून मुलाला मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हा रस्ता दुतर्फा असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मुलाच्या काही पेशी उलट्या वाटेनं आईच्या रक्तात शिरतात आणि तिच्या हाडांच्या मज्जेत, काळजात, कातडीत, स्तनात जाऊन बसतात. मूल जन्मतं, मोठं होतं, परदेशी जातं किंवा देवाघरी जातं. त्या पेशी मात्र आईच्या अंगात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतात. खरं तर त्या अर्ध्या परक्या असतात, कारण मूल अर्धं बापाचं. तरीही आईचं शरीर त्यांना हाकलत नाही. शास्त्रज्ञांना हे पूर्वीपासून माहीत होतं. नवीन होतं ते एवढंच, की त्या झोपलेल्या पेशी आईच्या रक्तातून वेचून, जाग्या करून, बाटलीत वाढवून परत तिच्याच अंगात कामाला लावण्याची युक्ती त्यांना सापडली. त्या पेशींना नाव मिळालं लेकुरपेशी, आणि लेकरू पुन्हा अंगात आलं म्हणून बायकांनी डोहाळजेवणं सुरू केली.

त्यांचा उपयोग काय, हे समजावून सांगण्यात डॉक्टर तेजल मुतालिक यांचा हातखंडा होता. तिसरा मजला त्यांच्याच देखरेखीखाली होता. दाखल्याशिवाय त्या बोलतच नसत.

"असं बघा ईश्वरीताई, घरातलाच पोरगा वाया गेला तर घरच्यांना सगळ्यांत शेवटी कळतं. आपला म्हणून ते डोळेझाक करतात. नवी सून आली की तिला आठवड्यात कळतं, या घरात काय शिजतंय ते. कॅन्सर हा तुमच्या घरातलाच वाया गेलेला पोरगा आहे. तुमच्या रक्तातले शिपाई त्याला आपला समजून सोडून देतात. लेकुरपेशी अर्ध्या बाहेरच्या. त्यांच्या नजरेतून तो सुटत नाही."

हा दाखला उत्तम होता. पण डॉक्टरीणबाई तिथेच थांबल्या नाहीत. पुढे त्या म्हणाल्या, "तुमचा ओजस तुमच्या अंगात पहारा देतोय असंच समजा." आजारी बाईला धीर द्यायला म्हणून बोललेलं ते वाक्य होतं. ते खोत कुटुंबानं घरी नेलं, आणि त्याचं पुढे काय झालं याची डॉक्टरांना कल्पनाही नव्हती.

ओजसच्या वाढदिवसाला सुजाताबाईंनी पाट मांडला, ईश्वरीला बसवलं आणि तिचं औक्षण केलं. नवरा, रणजित, कामाला निघताना तिच्या खांद्यावर थोपटून "येतो रे" म्हणू लागला. ईश्वरीला सुरुवातीला ते गोड वाटलं. मुलगा गेल्यापासून या घरात हसण्याचा आवाज नव्हता, तो परत आला होता. ऑपरेशन, केमो, लेकुरपेशींच्या बाटल्या, सगळं पार पडलं. शेवटची तपासणी स्वच्छ आली. तिनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, गेलेली चव जिभेवर परत आली आणि ती गुळाच्या ढेपांकडे परतली.

या गोष्टीला दोन महिनेही झाले नसतील. एके सकाळी गळ्यातलं सरळ करताना तिचं बोट गळपट्टीच्या हाडापाशी अडलं. वाटाण्याएवढी गाठ होती, कडक, जागची न हलणारी.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. तिला पहिल्यांदा भीती वाटलीच नाही, लाज वाटली. पेढे वाटून बसलो आपण! लोक काय म्हणतील? मग राग आला. केस नुकते कानापर्यंत आले होते. भीती दुपारी आली, बाजारात, गुळाचा खडा जिभेवर असताना, आणि ती अशी आली की तिला तो खडा थुंकून टाकावा लागला. तशीच ती रिक्षा करून इस्पितळात गेली.

तपासण्यांचा निकाल सांगताना डॉक्टर मुतालिकांनी त्या दिवशी दार लावून घेतलं.

"परत आलाय," त्या म्हणाल्या.

"माझं काय चुकलं? मी गोळ्या चुकवल्या नाहीत, काही नाही."

"तुमचं काहीच चुकलं नाही. हे आधी डोक्यात पक्कं करा."

"मग तो पहारा कुठे गेला?"

"पहारा आहे. तोच तर घोटाळा आहे." डॉक्टरांनी पडद्यावर गाठीचं चित्र आणलं. मधोमध जांभळा पुंजका होता आणि त्याच्याभोवती हिरव्या ठिपक्यांचं दाट कडं. "जांभळा तो कॅन्सर. हिरव्या त्या लेकुरपेशी."

"म्हणजे त्यांनी वेढा घातलाय त्याला?"

"मलाही आधी तसंच वाटलं. पण त्या त्याला मारत नाहीयेत, राखतायत." डॉक्टरांनी हिरव्या कड्यावर बोट ठेवलं. "प्रत्येक पेशी कधी ना कधी गर्भात होती, ईश्वरीताई. तिथल्या सवयी तिच्यात दडलेल्या असतात. कॅन्सर कोंडीत सापडला की सोंगं घेतो. तुमच्यातल्या चार-दोन पेशी मारातून वाचल्या आणि त्यांनी गर्भाचं सोंग घेतलं. आईच्या अंगात वाढणारं, भुकेलेलं, इवलंसं काहीतरी. लेकुरपेशींना वाटतंय, हे आपलं भावंड आहे."

ईश्वरी पडद्याकडे बघत राहिली. ओजसला भावंड हवं होतं. शेजारचं तान्हं बाळ बघून तो हट्ट करायचा, त्याला आपल्या वाटीतला भात भरवायला जायचा.

"त्या त्याला रक्त पोचवतात," डॉक्टर सांगत होत्या, "आणि औषधाला आत येऊ देत नाहीत. म्हणून आधी त्यांना काढावं लागेल. आम्ही त्याला झाडणी म्हणतो. सलाईनमधून एक द्रव सोडायचा. ज्या पेशीवर बापाच्या बाजूची खूण दिसेल, ती पेशी तो नष्ट करतो. एकदा कडं मोडलं की नवं औषध लागू पडण्याची चांगली आशा आहे. पण हे याच आठवड्यात व्हायला हवं. यकृतात गेला तर माझ्या हातात फारसं काही राहणार नाही."

"थोड्याशा... बाजूला काढून ठेवता येणार नाहीत?"

"बाटलीत त्या काही दिवस तग धरतात. मग त्यांना त्याच आईचं शरीर लागतं. आणि अंगात एक जरी राहिली तरी ती पुन्हा कडं उभं करेल."

"बरं," ईश्वरी म्हणाली. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. ते आलं नाही. "कधी करायचं?"

"सही झाली की लगेच. मात्र सही दोघांची लागते, तुमची आणि रणजितरावांची. त्या पेशींत अर्धा वाटा वडिलांचा असतो, म्हणून कायदा तसा झालाय."

घरी तिनं दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. सुजाताबाईंनी पदर तोंडाला लावला. "एकदा मातीत ठेवलं माझ्या लेकराला," त्या म्हणाल्या. "आता परत? काय बोलालीस तू, पोरी!"

रणजितनं आईला पाणी आणून दिलं. मग म्हणाला, "दुसरं औषध असंल की. पुण्याला विचारूया, मुंबईला विचारूया. जरा थांबून बघूया."

"कशाची वाट बघायची, रणजित? मी गेले तर तो कुठे राहणार आहे? माझ्याबरोबर तोही जाईल."

"कळतंय गं ते मला. डोक्याला सगळं कळतंय." त्यानं आपले दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले. "पण सही माझी आहे. माझ्या हातानं करायचं ते. हात उठत नाही माझा."

त्याचं दुःख खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. नवरा वाईट असता तर ईश्वरीला भांडता आलं असतं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी सही झाली नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी मुतालिकबाईंचंच म्हणणं सांगितलं. मुंबईच्यांनीही तेच. गाठ वाटाण्याची सुपारीएवढी झाली. रणजित तिच्याशी बोलायचा तेव्हा त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर नसायची, गळ्यापाशी असायची.

आणि ईश्वरीला जगायचं होतं. हे तिला कुणाला सांगताही येईना. सकाळी उठल्यावर तिला चहा हवासा वाटायचा, उन्हात बसावंसं वाटायचं, आणि प्रत्येक वेळी मनात यायचं, कसली आई आहेस तू? आई असती तर दहादा रडली असती. ती रडत नव्हती. तिला फक्त ती सही हवी होती, आणि रोज थोडी थोडी ती नवऱ्याचा द्वेष करू लागली होती.

चौथ्या दिवशी तिनं त्याला ऑफिसला निघताना दारातच अडवलं. त्यानं सवयीनं खांद्यावर थोपटायला हात उचलला. तिनं तो मनगटाशी धरला आणि त्याची बोटं गाठीवर दाबून धरली.

"लागतंय हाताला? कालच्यापेक्षा मोठं आहे. हे तुझा मुलगा भरवतोय. तुझा आणि माझा. त्याला काय माहीत, पोर आहे ते. पण आपल्याला माहीत आहे ना?"

रणजित हात सोडवायला बघत होता. तिनं सोडला नाही.

"मी कोण आहे रे तुझी? त्याला ठेवायची पेटी आहे का मी?"

सुजाताबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. रणजितनं एकदा आईकडे पाहिलं, मग कितीतरी दिवसांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चप्पल काढून आत आला आणि भिंतीला टेकून खाली बसला. तासाभरानं तिघंही इस्पितळात होती.

झाडणीत बघण्यासारखं काहीच नव्हतं. पाण्यासारखा द्रव थेंब थेंब नळीतून उतरत होता. ईश्वरीला ना कळ आली, ना ताप. आपल्याला काहीतरी जाणवावं असं तिला मनापासून वाटत होतं. निदान एखादी शिरशिरी. शरीरात कुणी जात असेल तर कळायला नको? पण तिला काहीच कळलं नाही. रणजित कॉटच्या पायथ्याशी उभा होता. सुजाताबाई खुर्चीवर डोळे मिटून बसल्या होत्या, त्यांचे ओठ हलत होते. रक्त दोनदा काढून नेलं. पहिल्या वेळी काही हिरवे ठिपके शिल्लक होते. दुसऱ्याचा निकाल यायला वेळ लागला, तेवढ्यात रणजित तीन वेळा बाहेर जाऊन आला.

डॉक्टर मुतालिक आल्या त्या जवळजवळ धावतच. चेहरा फुललेला होता. "एकही उरली नाही! गाठीचा रक्तपुरवठा आत्ताच निम्म्यावर आलाय. परवापासून औषध सुरू करू. ईश्वरीताई, आपण वेळेत पोचलो."

ईश्वरीच्या छातीवरचा धोंडा उतरला. हो, उतरला, ते नाकारण्यात अर्थ नाही. तिनं डोळे मिटून लांब श्वास सोडला.

सुजाताबाई उठल्या. पदर सारखा करून त्यांनी विचारलं, "मग डॉक्टरीणबाई, सुतक धरायचं का आम्ही?"

डॉक्टरांना प्रश्नच समजला नाही. समजला तेव्हा त्या घाईनं म्हणाल्या, "छे छे, आजी! अहो, वैद्यकाच्या दृष्टीनं त्या नुसत्या पेशी होत्या."

"तुम्हीच म्हणाला होता न्हवं, ओजस पहारा देतोय म्हणून?"

एरवी प्रत्येक गोष्टीला दाखला देणाऱ्या डॉक्टर मुतालिकांनी हातातला कागद उगाच उलटा-सुलटा केला. रणजित खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलू लागले. मुलाला माती दिली त्या दिवशी तो रडला नव्हता.

संध्याकाळी घरी आल्यावर सुजाताबाईंनी कुणाला न विचारता ठरवून टाकलं. शेगडी पेटवली नाही. समोरच्या पाटणेकाकूंना फोन करून त्यांनी कडू घास आणायला सांगितला. घरात माणूस गेलं की त्या घरी अन्न शिजत नाही. शेजारीपाजारी आपल्याकडचं जेवण आणून दुःखातल्या माणसांना बळंच दोन घास खायला लावतात, त्याला कडू घास म्हणतात. पाटणेकाकू पिठलं-भाताचा डबा घेऊन आल्या. कोण गेलं ते त्यांना कळेना. ईश्वरीचं अभिनंदन करावं की गळ्यात पडून रडावं, तेही कळेना. शेवटी त्या पानं वाढून निघून गेल्या.

तिघं पानावर बसली. रणजितनं भाताला हात लावला नाही, सुजाताबाईंनी एक घास तोंडात घेतला आणि तो त्यांना गिळवेना. ईश्वरीच्या पोटात कालपासून काही नव्हतं. तिनं पहिला घास खाल्ला, मग दुसरा. पिठल्याला लसणाची खमंग फोडणी होती आणि ती तिच्या जिभेला स्वच्छ कळत होती. हळूहळू तिच्या लक्षात आलं की नवरा आणि सासू दोघंही जेवायचं सोडून तिच्याकडे बघतायत. तिनं थांबायला हवं होतं. तिनं डबा पुढे ओढला आणि आणखी भात वाढून घेतला.