हाकेला येणारी

काचेची गाडी यायला अजून तासभर आहे. शटर अर्धं खाली ओढा आणि आत बसा. त्या खोक्यावर नको गं, त्यात फुटक्या काचा आहेत. स्टूल घे. तुमच्या फोटोंना आज काच बसली नाही तर उद्या तुमचं प्रदर्शन उघडत नाही, म्हणजे तुम्ही तिघीही अडकलात आणि मीही.

मघाशी भाची विचारत होती, "मामा, जुने फोटो नीट करून द्यायचं काम का सोडलंत? बोर्डावर तर अजून लिहिलंय." बोर्ड रंगवायचा कंटाळा, हे एक कारण. दुसरं सांगतो. पण घरी जाऊन आईला सांगायचं नाही. ती माझ्यावरच ओरडेल, पोरींना रात्रीचं काय सांगत बसतोस म्हणून.

आपल्या या बाजारात एक जण होता. सगळे त्याला फोकस म्हणायचे. वजनकाट्यावर नोकरी. ट्रक आला, पावती फाडली, ट्रक गेला. वेड मात्र फोटोचं. कुणाचा तरी जुना कॅमेरा घेतला आणि महिन्याभरात माणसाशी बोलतानाही एक डोळा मिटायची सवय लागली, म्हणून ते नाव. घरी आई आणि धाकटी बहीण. तिला सगळे धाकटीच म्हणायचे. वीस वर्षांची, बडबडी, हसायला लागली की थांबायची नाही. शिकायला चेहरा लागतो ना, तो तिचा. रोज संध्याकाळी तिला खिडकीशी बसवायचा आणि उजेड परतून तोंडावर पडावा म्हणून समोर आईला पांढरी चादर धरून उभं करायचा. आई म्हणायची, "अरे, हात गळून पडले माझे, गॅसवर दूध आहे." हा म्हणायचा, "दूध उतू जाऊ दे, तू हलू नकोस."

दोन वर्षांत धाकटीचे हजारभर फोटो झाले असतील. पण पठ्ठ्या शिकला. सावली कुठे ठेवायची, डोळ्यात उजेडाचा ठिपका कसा आणायचा, सगळं शिकला. त्याचे प्रिंट मी फ्रेम करून इथे लावायचो आणि ते विकलेही जायचे. मग जुने, फाटके, डाग पडलेले फोटो माझ्याकडे आले की तेही मी त्याच्याकडे द्यायला लागलो. म्हणजे मावशींकडे त्याला पाठवणारा मीच, हे आधी सांगून ठेवतो.

मागच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या मावशी. एकट्याच राहायच्या. एक खोली, त्यात मशीन, कॉट आणि दोऱ्यांचा डबा. एकुलती तरुण मुलगी तापात गेली, तेव्हा आधीचं गाव सोडून इकडे आल्या. त्या मुलीला इथे कुणी पाहिलेलंही नव्हतं. मावशींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी हात असा की दुमडलेल्या काठात टाका कुठे घातलाय ते शोधून सापडायचं नाही.

त्यांनी फोकसच्या हातात तळहाताएवढी फ्रेम दिली. "एवढा एकच आहे बाबा तिचा. मोठा करून दे. मला दिसायला हवी."

फ्रेममध्ये ओल शिरली होती आणि फोटो काचेला चिकटला होता. अशा वेळी आधी काचेवरूनच त्याचा फोटो काढून घ्यायचा आणि मगच सोडवायला जायचं, हे मी त्याला दहा वेळा सांगितलं होतं. त्या दिवशी त्याला घाई. काचेवर चकाकी येत होती, म्हणून म्हणाला, आधी सोडवू. फोटो काचेसकट पाण्यात ठेवला, सुरीचं पातं घातलं, हळूच उचललं... आणि मुलीचा चेहरा साल निघावी तसा निघाला. अर्धा काचेवर राहिला, अर्धा पाण्यात विरघळला. खाली उरला पांढरा कागद, त्यावर एक वेणी आणि एक खांदा.

मेलेल्या मुलीचा जगातला शेवटचा चेहरा, आणि तो याने पुसला.

आता माणसाने जाऊन पाय धरावेत की नाही? हा घरी गेला. कॉम्प्युटर उघडला. धाकटीच्या हजार फोटोंतला एक काढला, त्याचा रंग उडवला, कडा धूसर केल्या, खांद्यावर वेणी आणली. भिंतीवर लावण्याएवढा मोठा प्रिंट काढला आणि माझ्याकडे फ्रेमला आणून दिला.

मी ओळखलं. म्हटलं, "अरे, ही तर..."

"काका, त्यांना दिसत नाही नीट. बाई खूश होईल. कुणाचं काय जातंय?"

मी प्रिंट ठेवून घेतला. फ्रेम केली. मागून पुठ्ठा बसवला, बारीक खिळ्यांच्या चुका मारल्या, कडेने पट्टी चिकटवली. माझं काम मी चोख केलं.

मावशींनी फ्रेम मांडीवर घेतली आणि काचेवरून बोटं फिरवत बसल्या. म्हणाल्या, "नाक जरा वेगळं वाटतं रे."

"मोठा केला की तसं दिसतं, मावशी."

"असेल." मग फोटो छातीशी धरून इतक्या रडल्या की याला तिथून पळावंसं वाटलं. उशाकडच्या भिंतीवर खिळा ठोकून घेतला त्यांनी. आणि त्या रात्रीपासून झोपायच्या आधी फोटोला हाक मारायला लागल्या. शेजारच्यांना ऐकू यायची. "ये गं बाळा. झोपायला ये. आई वाट बघतेय." रोज, न चुकता.

सगळ्या गल्लीला त्यांनी फोकसचं कौतुक सांगितलं. त्याच्याकडे कामं यायला लागली. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये त्याच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं. वीस नोव्हेंबर, बुधवार. प्रिंट विकायलाही ठेवायचे होते. इतका खूश झाला होता की वजनकाट्यावर एका ट्रकची पावती दुसऱ्याला दिली.

आणि इकडे धाकटी रात्री उठायला लागली.

पहिल्यांदा आईने पाहिलं. रात्रीचा दीड वाजला होता. धाकटी आतून बंद असलेल्या दाराला कपाळ टेकवून उभी होती. तोंडाने हळूच म्हणत होती, "आले आई. आले."

आई उठून जवळ गेली. "अगं, मी इथेच आहे."

धाकटीने वळून बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही नाही."

सकाळी तिला काही आठवत नव्हतं. घरचे म्हणाले, झोपेत चालते, होतं एखाद्याला. पण मग ती दिवसाही बोलेनाशी झाली. खाल्लेलं अंगी लागेना. आईला एकदा चुकून 'काकू' म्हणाली आणि स्वतःच दचकली. प्रदर्शनासाठी फोकसला तिचा एक नवा फोटो हवा होता. खिडकीशी बसवली, आईने चादर धरली. त्याचा कॅमेरा चेहऱ्यावर आपोआप चौकोन दाखवणारा होता. चौकोन आईच्या तोंडावर आला. धाकटीवर येईना. हा पुढे सरकला, मागे सरकला. चौकोन शेवटपर्यंत आला नाही. आणि जे फोटो निघाले त्यांत खिडकी स्वच्छ, केस स्वच्छ, ओढणीचा धागा न् धागा मोजून घ्यावा असा... आणि चेहरा धूसर.

याने लेन्स पुसली. दुसरं काय करणार?

मग एकोणीस तारीख आली. मंगळवार. सकाळी धाकटी उठली तर तिच्या झोपायच्या कुडत्याची बाही शिवलेली. आदल्या रात्री ती खिळ्याला लागून चांगली वीतभर फाटली होती. आईनेच पाहिलं होतं आणि उद्या बघू म्हणून सोडून दिलं होतं. त्या घरात सुईत दोरा ओवायचाही सगळ्यांना कंटाळा. फोकसने बाही उलटी करून पाहिली. टाका शोधून सापडत नव्हता.

दाराची कडी आतून लावलेली होती. रात्रभर.

त्याला तेव्हा कळलं. संध्याकाळी आठ वाजता तो मावशींच्या दारात उभा राहिला. मावशी मशीनपाशी बसल्या होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते. त्यांनी वर पाहिलं. सरळ त्याच्याकडे.

"मावशी, तो फोटो... जरा परत द्या. दुसरा चांगला करून आणतो."

"कुणाचा करून आणशील?"

याची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली.

"डोळ्याची पट्टी काढली त्याच दिवशी पाहिलं मी," मावशी म्हणाल्या. "ही माझी नाही. कोण आहे रे ही?"

"माझी बहीण."

"अस्सं." मावशींनी दोरा दाताने तोडला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. त्याला तेच सहन होईना.

"मग हाक का मारता अजून?" तो ओरडलाच. "तुम्हाला माहीत आहे ना ती तुमची नाही म्हणून!"

"माझीला तीन वर्षं हाका मारल्या. ती आली नाही." मावशी कॉटकडे बघत म्हणाल्या. "ही येते."

त्याने भिंतीकडे हात केला. मावशी जागच्या हलल्याही नाहीत. "ने. पण उद्या मी त्या हॉलच्या दारात येऊन बसणार. येईल त्याला सांगणार, माझ्या मुलीचं या माणसाने काय केलं ते."

पोरींनो, तो मला हे सांगताना इथेच बसला होता, तू बसलीस तिथे. म्हणाला, "काका, हात खिळ्यापर्यंत गेला होता माझा." आणि त्याने तो खाली घेतला. वर मावशींना म्हणाला, "प्रदर्शन दोन दिवसांचं आहे. ते होऊ दे. शुक्रवारी येऊन नेतो."

मावशी म्हणाल्या, "ये शुक्रवारी."

घरी येऊन त्याने दाराला कडी लावली, वर कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. धाकटीला आईच्या शेजारी झोपवली आणि स्वतः दाराला पाठ लावून बसला. जागाच राहणार होता. बारा वाजलेले त्याने पाहिले. एक वाजलेला पाहिला.

मग जाग आली.

घड्याळात एक चाळीस.

कुलूप तसंच. कडी तशीच. किल्ली खिशात. अंथरुणावर आई एकटी. तिचा हात शेजारच्या उशीवर... उशी थंड.

अनवाणी पळाला. गल्लीत एकही दिवा नाही. एक कुत्रं नाही. मावशींच्या घरात मात्र उजेड. दार नुसतं लोटलेलं.

त्याने ढकललं.

कॉटवर दोघी. एकाच पांघरुणात. मावशींचा हात धाकटीच्या अंगावर. धाकटीचं डोकं त्यांच्या खांद्यावर... लहान मूल झोपतं तसं.

"धाकटे..."

त्याने तिचा खांदा हलवला.

"धाकटे, ऊठ. घरी चल."

तिने डोळे उघडले. बघत राहिली त्याच्याकडे. आपण नाही का, गाडीत अनोळखी माणसाने जागा विचारली की बघतो... तसं. मग ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," म्हणाली. "आई झोपलीय."

मावशी झोपल्या नव्हत्या. बऱ्याच वेळापासून नव्हत्या. अंग गार पडलं होतं, डोळे अर्धे उघडे... आणि चेहऱ्यावर इतकं समाधान की त्याने मान फिरवली. त्यांची बोटं धाकटीच्या मनगटाभोवती होती. एकेक करून सोडवावी लागली. शेवटचं बोट सुटेना, तेव्हा... जाऊ दे. ते नको.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, झोपेतच. त्यात खोटं काही नसेल.

पहाटे फोकस पुन्हा त्या खोलीत गेला. फ्रेम ओढून काढली, दारात आणून दगडाने काच फोडली, फोटो फाडून बाहेर घेतला आणि तिथेच पेटवला. म्हणाला, आता सुटेल माझी बहीण. धाकटीला आईने धरून आणलं होतं. ती शांतपणे बघत होती. फोटो आधी कडेने काळा पडला, मग मध्ये... चेहरा सगळ्यात शेवटी गेला. तेव्हा धाकटीने आईला विचारलं, "काकू, कोण होती ती?"



प्रदर्शन झालं. हो, झालं ना. तिचे फोटो सगळ्यात आधी विकले गेले.

ती आजही त्या घरात आहे. वेड लागलंय म्हणावं तर तसं नाही. नीट वागते, सांगेल ते काम करते, आपणहून खायला मागत नाही, पाहुणी राहते तशी राहते. दिवेलागणीला विचारते, "मी आता घरी जाऊ का?" आई पदर तोंडात धरून आतल्या खोलीत जाते. तेव्हापासून ती एकदाही मोठ्याने हसलेली कुणी ऐकली नाही. फोकसने कॅमेरा देऊन टाकला. अजून वाटतं त्याला, फोटो जाळलाय, म्हणजे कधी ना कधी ती बरी होईल.

मला तसं वाटत नाही. का, ते त्याला मी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगायचं नाही.

ती रिकामी फ्रेम कुणीतरी माझ्याकडे आणून टाकली, लाकूड कामाला येईल म्हणून. आठवड्याने मी ती उघडायला घेतली. मागची पट्टी जशीच्या तशी. चुका माझ्याच, माझ्याच हातच्या. त्याने फोटो पुढून फाडला होता, मागच्या पुठ्ठ्याला कुणाचा हात लागलेला नव्हता. चुका काढल्या. पुठ्ठा सुटा केला. उलटा केला.

आतली बाजू... फोटोच्या पाठीला चिकटून असते ती... बोट जाईल एवढीसुद्धा जागा नसते तिथे.

ओरबाडलेली होती. आत कोंडलेल्या माणसाने दार ओरबाडावं तशी.

वरपासून खालपर्यंत. खोल. एकावर एक. चार-चारच्या रांगांनी.

मी दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या घरी गेलो. धाकटी दारात उभी होती. "या, बसा," म्हणाली. मी तिचे हात बघितले. दहाही नखं शाबूत.

पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात, शेवटच्या ओरखड्याच्या टोकाला... अर्धं तुटलेलं नख रुतून बसलं होतं.