अनघाच्या गाडीची काच

"काच खाली घ्या, मॅडम!"

"घेतेच आहे!"

अनघाने बटण दाबून धरलं होतं, पण काच तिरकी होऊन कुरकुरत बोटबोटभर सरकत होती. तळेगावच्या कारखान्याचं गेट, मागे हॉर्नचा गलका. गेटवरचा नवा सुपरवायझर, सत्यम, ओळखपत्रासाठी हात पुढे करून भुरभुर पावसात भिजत उभा.

"दुरुस्त करा की. लाइन लागलीय."

"गेल्याच आठवड्यात मोटर बदललीय! मला शिकवू नका."

पंधरा दिवस रोज हेच. सोळाव्या दिवशी तो सगळ्यांदेखत ओरडला, "तुमच्या एकटीसाठी गेट न्हाई हे!" संतापलेल्या अनघाने तक्रार केली. त्याला मेमो मिळाला.

रविवारी ती शिरगावच्या देवळातून बाहेर आली, तर पावसाची सर सुरू झालेली, काच अर्ध्यावर अडकलेली, सीट भिजत चाललेली. तिने दारावर बुक्की हाणली.

"फोडाल दार."

मागे सत्यम!

"मेमोचा सूड घ्यायला आलात?"

"घर हितंच हाय माजं. गाडी शेडखाली घ्या."

घरातून पाने-पक्कड आणून त्याने दाराचं आतलं कव्हर उघडलं. "मोटर चांगलीच असनार. काच वाकडी बसलीय, म्हनून अडकती." नट सैल करून त्याने दोन्ही तळव्यांनी काच अलगद सरळ धरली. "दाबा बटण... हळू." काच खाचेत बसली. त्याने नट आवळले.

"हे... कुठे शिकलात?"

"चार वर्सं कंत्राटावर गाड्यांना काचाच बसवल्या. मग एक कागद देऊन घरी धाडलं." त्याने कव्हर परत बसवलं. "आता दुसरा कागद तुमी दिला."

"मला माहीत नव्हतं."

"इचारलं कुटं?"

सोमवारी तिने तक्रार मागे घेतली. काच आता झरकन खाली यायची. तो ओळखपत्र बघायचा, "जावा" म्हणायचा. बास! मंगळवारी तेच, बुधवारी तेच... शुक्रवारी अनघा गाडी आत लावून भिजत, तरातरा गेटवर परत आली.

"तक्रार मागे घेतलीय मी."

"कळलं."

"मग बोलत का नाही?"

"काय बोलू? काच चांगली चालती."

"खड्ड्यात गेली काच! रोज सकाळी उठल्यापासून तुम्हाला काय काय सुनावायचं ते ठरवायचे मी. आता... आता दिवसभर नुसती चिडचिड होते. तुमच्यामुळे!"

सत्यमने टोपी काढली, पुन्हा घातली.

"माजी पन," तो हळूच म्हणाला.

अनघाने चेहऱ्यावरचं पावसाचं पाणी पुसलं.

"रविवारी शिरगावला येणार आहे मी. देवळात नाही... तुमच्या घरी."

"या की. पन आई इचारंल, ही कोन म्हनून." त्याने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. "काय सांगू?"

"तुम्ही काही सांगू नका," अनघा रागारागानेच म्हणाली, पण गालांवरची लाली काही तिला लपवता आली नाही. "मी सांगेन."